कुकरच्या रिंगवर चाललेलं हीटिंग

दांडी साठ सेंटिमीटर लांबीची होती. स्टेनलेस स्टीलची, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहेला येणार होत्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि आमच्या बाथटबची कड इतकी उंच, की आत शिरणं म्हणजे कुंपण ओलांडणं. त्यांना अंघोळीला धरायला काहीतरी हवं होतं. दांडी त्या येण्याआधी बसायला हवी होती. कारागिराला सवड मिळाली ती त्या आल्यानंतरच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी आठ वाजता.

तो आठला दोन मिनिटं कमी असताना आला. साठीचा माणूस, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा, घरोघरची लहानसहान कामं करणारा. दारात त्याने जोडे काढू का, असं विचारलं. सासूबाईंच्या मनात तो तिथेच भरला.

कुठे भोकं पाडायची त्या खुणा माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशीच पेन्सिलीने करून ठेवल्या होत्या. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. दांडीची उंची त्याने एका जर्मन मानकात बघून ठरवली होती.

"जरा वर वाटतं रे," सासूबाई खुणांकडे बघून म्हणाल्या.

"आई, ते स्टँडर्ड आहे," तो म्हणाला, आणि वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला जाऊन बसला.

पहिली दोन भोकं नीट पडली. दांडीचं डावं टोक बसलं. तिसरं भोक पाडताना, आठ वाजून पंचवीस मिनिटांनी, भिंतीतून पाणी आलं.

ते नळाचं पाणी नव्हतं. तळघरातल्या बॉयलरपासून घरभरच्या रेडिएटरांपर्यंत पाइपांतून फिरणारं, घर गरम ठेवणारं हीटिंगचं पाणी होतं. वर्षानुवर्षं तेच पाणी फिरत असतं. ते काळं असतं, गरम असतं आणि त्याला गंजाचा वास येतो, ही माहिती आम्हाला त्या दिवशी मिळाली. पहिली धार समोरच्या आरशावर गेली. कारागिराने ड्रिल खाली ठेवलं, भोकावर अंगठा दाबला आणि शांतपणे म्हणाला, "आल्झो," म्हणजे तर मग, "हा पाइप इथे असायला नको होता."

घर आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. भिंतींतून काय कुठून गेलं आहे, याचा नकाशा तो मागे ठेवून गेला नव्हता.

नवरा कानाला हेडफोन तसाच ठेवून खाली धावला आणि तळघरात गेला. तिथे सात व्हॉल्व्ह होते. त्यांतला योग्य तो बंद व्हायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ कारागीर भिंतीला अंगठा लावून उभा होता. त्याच्यासाठी सासूबाईंनी आधीच चहा टाकलेला होता. त्या कपबशी घेऊन बाथरूमच्या दारात आल्या. त्याचा उजवा अंगठा भोकावर, डाव्या हाताने टबाची कड धरलेली.

"निवेल तो," सासूबाई त्याला मराठीत म्हणाल्या. त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला.

"गूट," तो म्हणाला.

"आलं घातलंय," त्या म्हणाल्या.

मी भाषांतर केलं नाही. गरज दिसली नाही.

पाणी थांबल्यावर कारागिराने त्याच्या ओळखीच्या प्लंबरला फोन लावला. प्लंबर तीन आठवड्यांनी येऊ शकत होता. बाहेर चार अंश तापमान होतं. घर तीन आठवडे थंड राहणार होतं. नवरा तळघरात गेला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. त्याने भोकाभोवतीची टाइल फोडली, मागचा गिलावा खरवडला आणि बोटभर जाडीचा तांब्याचा पाइप चारही बाजूंनी मोकळा केला. पाइपाला तांदळाएवढं छिद्र पडलं होतं. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि कुकरच्या झाकणातली रबरी रिंग काढून आणली. घरात ती एकच होती, आणि इथल्या दुकानांत तसली मिळत नाही. तिची पट्टी कापून त्याने छिद्रावर गुंडाळली आणि बागेच्या नळीच्या दोन लोखंडी क्लिपांनी आवळली. हीटिंगमध्ये पुन्हा पाणी भरलं, दाब दीड बारपर्यंत नेला. एक थेंब आला नाही.

कारागीर वाकून बराच वेळ बघत होता. चाळीस वर्षांच्या कामात असं काही पाहिलं नाही, असं त्याने सांगितलं. दोघांनी हस्तांदोलन केलं. उद्या सकाळी येतो, दांडी जरा सरकवून बसवतो, पाइपाचं आणि टाइलचं काय ते माझं मी निस्तरतो, असं म्हणून तो गेला. सासूबाईंनी काळं झालेलं पाणी आपल्या जुन्या सुती पातळाने टिपून काढलं.

"सरळ माणूस आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी डाळ शिजायला पावणेदोन तास लागले.

यानंतरच्या घटनेशी माझा थेट संबंध आहे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बारा वर्षं काढल्यामुळे जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं मी धरून चालते. मी कारागिराला उद्देशून पत्र लिहिलं. वेळा, घटनाक्रम, तीन फोटो, नुकसानभरपाईची मागणी, उत्तरासाठी दोन आठवड्यांची मुदत. पत्र चांगलं होतं.

"अगं, तो उद्या येतोय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"येतोय. पण लेखी असलेलं बरं, आई."

"मग तो यायचा नाही."

पत्र मी त्याच संध्याकाळी त्याच्या टपालपेटीत टाकलं. तो आला नाही. दुपारी त्याचा फोन आला. पत्र त्याने नियमाप्रमाणे त्याच्या विमा कंपनीला कळवलं होतं. कामात कुणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायला इथल्या कारागिरांचा असा विमा असतो. कंपनीने त्याला बजावलं होतं, की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत जागेला हात लावायचा नाही आणि चूक कोणाची यावर बोलायचं नाही. तो चूक कोणाची यावर बोलला नाही. "शादं," एवढंच म्हणाला, म्हणजे वाईट वाटतं. आणि चहाबद्दल आभार मानले.

तेव्हापासून दांडी डाव्या टोकाच्या दोन स्क्रूंवर राहिली. कोणी धरली तर ती उपटून येईल, म्हणून नवऱ्याने तिच्यावर 'हात लावू नये' अशी जर्मन चिठ्ठी चिकटवली. जर्मन वाचता न येणारी एकच व्यक्ती घरात होती आणि दांडी तिच्यासाठी होती.

सासूबाईंची अंघोळ मग अशी ठरली. मी टबाबाहेर उभं राहायचं, त्यांनी माझ्या दोन्ही दंडांना धरून आत पाय टाकायचा, मी तोंड भिंतीकडे करून थांबायचं, आणि झाल्यावर पुन्हा दंड द्यायचे. पहिला दिवस तसा पार पडला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी सात वर्षांची झाले तेव्हापासून मला कुणी अंघोळ घातलेली नाही."

"मी कुठे घालतेय, आई? मी नुसती उभी आहे."

"तेच ते."

तिसऱ्या दिवशी त्यांनी अंघोळ एक दिवसाआड करायचं ठरवलं. कारण थंडीचं सांगितलं. घरात तेव्हा बावीस अंश तापमान होतं.

विमा कंपनीचं पहिलं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. त्यातून असं कळलं, की माझ्या पत्रानंतर नवऱ्यानेही त्यांना एक मेल परस्पर पाठवली होती. दुरुस्तीच्या दिवसापासून तो दर दोन तासांनी दाबाचा काटा बघून आकडा एक्सेलमध्ये भरत होता. रात्रीचे आकडे नव्हते, त्याबद्दल त्याने तळटीप देऊन दिलगिरी व्यक्त केली होती. तो तक्ता त्याने पुरावा म्हणून जोडला होता. कंपनीने लिहिलं होतं, की आपण पाठवलेल्या मोजमापांनुसार हीटिंगचा दाब चौदा दिवस स्थिर आहे, त्यावरून हीटिंग निर्दोष असल्याचं दिसतं. तरी नुकसान नेमकं कोणतं, ते कळवावं.

"एवढा पुरावा कशाचा पाठवलास?" मी विचारलं.

"आपण निष्काळजी नाही याचा."

"आता लिही की दुरुस्ती तात्पुरती आहे."

"तात्पुरती नाहीये ती."

"अरे, कुकरची रिंग आहे!"

"कुकरमध्ये ती एकशेवीस अंशांना चालते. इथे साठ अंश आहेत. इथे तर ती आरामात आहे."

"ती आरामात आहे," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "मी नाही."

हे वाक्य झाल्यावर तो लॅपटॉपकडे वळला. त्याने लिहिलं, 'दुरुस्ती तात्पुरती, परंतु निर्दोष आहे.' शेवटचे तीन शब्द नीट करायला माझ्याकडे दे, असं सांगून मी मेल मागून घेतली आणि 'आहे' तेवढा ठेवला.

त्यावर कंपनीने गुटाख्टर पाठवायचं मान्य केलं. गुटाख्टर म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा तज्ज्ञ. तो डिसेंबरच्या मध्याला आला. उंच, निळा कोट, हातात फोल्डर आणि मोजायची लेझर. त्याने भिंतीतल्या खड्ड्यावर लेझर लावली.

"हे भोक बावीस बाय अठरा सेंटिमीटर आहे," तो म्हणाला. "हे कारागिराने पाडलं?"

"नाही, हे मी," नवरा म्हणाला.

"कारागिराचं भोक कुठे आहे?"

"ते याच्या आतच होतं."

"आता आहे?"

नवऱ्याने खड्ड्यात बघितलं. खड्ड्यात हवा होती आणि मागे रिंग गुंडाळलेला पाइप. कारागिराने भोक टाइलमध्ये पाडलं होतं आणि ती टाइल नवऱ्याने फोडली होती. त्यामुळे ज्याच्या भरपाईसाठी एवढं चाललं होतं, ते भोक आता कुठेच नव्हतं. गुटाख्टरने ते फोल्डरमध्ये तशाच शब्दांत लिहायला घेतलं.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्या आत गेल्या आणि चिवडा आणलेला स्टीलचा डबा घेऊन आल्या. डब्यात टाइलचे सगळे तुकडे होते. फोडाफोडीच्या दिवशी ते टाकायला त्या अंगणात गेल्या होत्या. तिथे चार रंगांचे चार कचऱ्याचे डबे. फुटकी टाइल कशात जाते ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि चुकीच्या डब्यात काही टाकलं तर शेजारी बोलतात हे आम्हीच त्यांना आल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. म्हणून त्या तुकडे परत घेऊन आल्या होत्या.

"स्वच्छ धुऊन ठेवलेत," त्या म्हणाल्या.

"धुतलेत?" गुटाख्टरने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच काही दिसलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सासूबाई आणि गुटाख्टर समोरासमोर बसले आणि त्यांनी टाइल जुळवली. त्या कडा बघून जुळवत होत्या, तो जाडी मोजून. पंचवीस मिनिटं लागली. मधोमध आठ मिलिमीटरचं गोल भोक तयार झालं.

"गेनाऊ," गुटाख्टर म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि भोकाचे सहा फोटो काढले.

मग तो म्हणाला, की गळती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिची नोंद करता येत नाही. नवऱ्याने बॉयलर बंद केला आणि एक क्लिप सैल केली. अर्धं मिनिट काहीच झालं नाही. रिंग आपली जागा सोडत नव्हती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याने दुसरी क्लिप सैल केली, तेव्हा काळी धार निघाली ती गुटाख्टरच्या फोल्डरवरून त्याच्या बाहीत गेली.

"गेनाऊ," तो पुन्हा म्हणाला.

पाणी बादलीत उतरल्यावर त्याने रिंगची पट्टी आणि दोन्ही क्लिपा प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वर चिठ्ठी लावली आणि पिशवी बॅगेत टाकली. ते आता पुराव्यात जमा होतं. त्याने टॉवेल मागितला, आभार मानले आणि तो गेला. दाबाचा काटा शून्यावर होता.

प्लंबर आला तो नवव्या दिवशी. मधले दिवस घर चौदा ते सोळा अंशांवर होतं. नळाचं पाणी तापवणारा हीटर वेगळा असल्यामुळे अंघोळ शक्य होती. सासूबाई दोन स्वेटर घालून बाथरूममध्ये येत, ते माझ्या खांद्यावर देत, दंड धरत, आणि बाहेर आल्यावर उलट्या क्रमाने सगळं. "आता आठवड्यातून दोनदा पुरे," त्या म्हणाल्या. तांदळाचं खिमट केल्याशिवाय गत नव्हती, कारण कुकर अजून रिंगशिवाय होता. प्लंबरने पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला. चाळीस मिनिटांत काम झालं.

विमा कंपनीचं सविस्तर पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं. पाइपाची दुरुस्ती मंजूर. टाइल मंजूर, पण फुटली तेवढी एकच. अशा टाइल आता तयार होत नाहीत, हे दुकानदाराने लिहून दिल्यास पुढचा विचार होईल. टाइल बसल्याचा फोटो मिळेपर्यंत फाइल बंद होणार नाही, आणि फाइल बंद होईपर्यंत कारागिराने नुकसानीच्या जागेला हात लावायचा नाही. रबरी रिंग ही वापरलेली वस्तू असल्याने खरेदीची पावती आणि वापराचा कालावधी कळवावा, म्हणजे तिचं आजचं मूल्य ठरवता येईल. आणि शेवटचा मुद्दा, दांडी. दांडीला कोणतीही इजा झालेली नाही. त्यामुळे ती या प्रकरणाचा भाग नाही.

सासूबाईंचं परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं. दांडीचा मुद्दा हा सरळ नकार आहे, असं मी आणि नवऱ्याने धरलं. मी दोन पानी हरकत लिहून पाकिटात घातली. सासूबाईंनी पत्र मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी शेवटचा मुद्दा पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे दांडीबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही?"

"नाही ना. तेच तर."

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या घरात नव्हत्या. शाल आणि बूट जागेवर नव्हते, टेबलावरचं पत्रही नव्हतं. आम्ही दार उघडलं तेव्हा त्या गल्लीतून येत होत्या, एका हातात पत्र, दुसऱ्या हाताने कारागिराची बाही धरलेली. तो गाडीत सामान भरत असताना त्यांनी त्याला गाठलं होतं.

"चहा ठेव गं," त्या मला म्हणाल्या. "आणि त्याला सांग, हे शेवटचं वाच म्हणावं."

कारागिराने जोडे काढले, चष्मा लावला आणि टेबलापाशी बसून शेवटचा मुद्दा दोनदा वाचला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दांडी प्रकरणात नाही."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे नुकसानीची जागा सोडून दुसरीकडे दांडी बसवायची मनाई मला कोणीच केलेली नाही."

"असं होतं खरं," नवरा म्हणाला.

"गेनाऊ," कारागीर म्हणाला आणि गाडीतून ड्रिल आणायला गेला. या वेळी त्याने भिंतीमागचे पाइप शोधणारं यंत्रही आणलं. ते नवीन होतं, वेष्टन त्याने आमच्यासमोर फोडलं.

दांडी कुठे हवी, ते त्याने सासूबाईंना खुणेने विचारलं. त्या टबाच्या कडेवर बसल्या, उठायची कृती केली आणि हात आपोआप भिंतीवर जिथे गेला तिथे पंजा टेकवला. "इथे." ती जागा खड्ड्याच्या खाली होती, अखंड टाइलांवर. कारागिराने तिथे यंत्र फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. मग त्याने ते वर, नवऱ्याच्या पेन्सिलीच्या राहिलेल्या खुणेपाशी नेलं. यंत्र ओरडायला लागलं.

नवऱ्याने खिशातून टेप काढली आणि दोन्ही उंचींमधलं अंतर मोजलं. अकरा सेंटिमीटर. हा आकडा त्याने कुठेही भरून ठेवला नाही.

चार स्क्रू बसले. सासूबाईंनी दांडी दोन्ही हातांनी धरली, आधी नुसती, मग सगळं वजन टाकून. "हं," त्या म्हणाल्या. कारागिराने चहा या वेळी बसून, स्वतःच्या हाताने घेतला. तोही बशीतूनच प्यायला.

खड्डा आजही तिथेच आहे. त्यावर नवऱ्याने प्लायवूडचा तुकडा लावला आहे. पाइपाच्या दुरुस्तीची भरपाई मिळाली. रिंगच्या पावतीबद्दल कंपनीचं तिसरं स्मरणपत्र आलं आहे, त्यामुळे फाइल अजून बंद नाही. माझी हरकत पाकिटातच आहे.

त्या दिवशी कारागीर गेल्यावर सासूबाईंनी टॉवेल घेतला, कपडे घेतले आणि बाथरूमचं दार आतून लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभी राहिले. नवराही येऊन उभा राहिला. नळ सुरू झाला. मग पाय टबात पडल्याचा आवाज आला, आधी एक, बऱ्याच वेळाने दुसरा.

"आई, ठीक?" नवऱ्याने विचारलं.

"दारात उभे राहू नका," आतून आवाज आला. "खालच्या फटीतून सावल्या दिसतात."

आम्ही बाजूला झालो. त्या एक तास दहा मिनिटांनी बाहेर आल्या.